कोणाचे रे तुमी?

बाटली उजेडात धरायची, मान जराशी तिरकी करायची, डावा डोळा बारीक करायचा आणि आतल्या पेशींना विचारायचं, "कोणाचे रे तुमी?" बाईंचा दिवस असा सुरू व्हायचा. उत्तर अर्थातच यायचं नाही. मग त्या स्वतःशीच "बरा" म्हणायच्या, बाटली इन्क्युबेटरच्या उबेत परत ठेवायच्या आणि मला सांगायच्या, "शालन, चहा मागव."

आता हा प्रश्न आमच्या मुलखात काही नवा नाही. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला आम्ही तिचं नाव नंतर विचारतो. आधी ती कोणाची, कुठल्या वाडीतली, हे कळायला हवं. ते कळलं की सरकून जागा द्यायची की नाही, ते ठरतं. पण हाच प्रश्न बाटलीला विचारणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते माणूस म्हणजे विषाणूशास्त्रात उभा जन्म घालवलेली शास्त्रज्ञ. मी तशी फटकळ आहे. पहिल्याच आठवड्यात घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "बाईंचं डोकं ठिकाणावर दिसत नाही."

आमची प्रयोगशाळा म्हणजे ओरोसला सरकारी क्वार्टर्सच्या मागे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. मी मूळची वेंगुर्ल्याची. इथे येण्याआधी बरीच वर्षं एका दवाखान्यात हिवतापाच्या काचा तपासून मान मोडून घेतली होती. बाई शहरातल्या मोठ्या संस्थेतून आल्या, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. लोक म्हणाले, हिला शिक्षा म्हणून इकडे पाठवलं असणार. नाहीतर एवढी शिकलेली बाई ओरोसला कशाला येईल? बाईंनी बदली मागून घेतली होती, हे आमच्या क्वार्टर्समध्ये शेवटपर्यंत कुणाला पटलं नाही.

त्या आल्या होत्या माकडतापासाठी. डोंगराकडच्या गावांत काजूच्या हंगामात माणसं रानात शिरतात, तिथे गोचिडी चावतात आणि त्यातून हा ताप येतो. रानात माकडं मरून पडायला लागली की माणसांनी समजायचं, आता आपली पाळी. त्या तापाचा विषाणू माणसाच्या पेशीत नेमका शिरतो कुठून, हा बाईंच्या आयुष्याचा प्रश्न होता.

"हे बघ शालन," त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं, "विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत, पोटसुद्धा नाही. पेशीच्या आत शिरला तरच त्याचं काही चालतं. पेशीच्या अंगावर दारं असतात शेकड्यांनी. त्यातलं एकच दार त्याला उघडता येतं. ते कुठलं, एवढंच मला शोधायचंय."

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," त्या म्हणाल्या आणि कोटाच्या खिशातून आमसूल काढून व्हरांड्यात गेल्या. विचार करायचा असला की त्यांना तोंडात आमसूल लागायचं, आणि प्रयोगशाळेत काही खायचं नाही हा नियम त्यांचाच होता. त्यामुळे त्यांचे मोठमोठे विचार सगळे व्हरांड्यातच झाले.

जिवंत विषाणू आमच्याकडे नव्हता, घाबरू नका. तसलं काम शहरात, कडेकोट बंदोबस्तात चाले. आमच्याकडे यायचं ते विषाणूचं नुसतं वरचं कवच, आतून निरुपद्रवी. ते पेशीत शिरलं की पेशी मायक्रोस्कोपखाली हिरवी चमकायची. पेशी मात्र अगदी जिवंत. त्यांना खायला-प्यायला घालावं लागायचं, आणि ते पाणी गुलाबी, थेट सोलकढीच्या रंगाचं. बाई त्याला सोलकढीच म्हणत. "पोरांक सोलकढी दिलंस गो?" असं त्या आतून विचारायच्या. एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी ते ऐकलं आणि इथे पाळणाघर कोण चालवतं, याची चौकशी केली.

एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. बाई पेशींशी मालवणीत बोलायच्या आणि माणसांशी पुस्तकी मराठीत. "कृपया", "आपण", "सहकार्य" असले शब्द त्यांच्या तोंडून नळाच्या पाण्यासारखे यायचे. कचेरीत तसं बोलायचं, ही आम्हा सगळ्यांचीच सवय, पण बाईंची कचेरी भाजीवालीपाशीसुद्धा सुटायची नाही. शहरात इतकी वर्षं काढली होती ना! चतकोर मालवणी त्यांनी फक्त बाटल्यांसाठी राखून ठेवली होती.

एके दिवशी मी धीर करून विचारलं, "बाई, इतकी वर्षं शोधताय. ते दार एकदाही नाही सापडलं?"

"सापडलं होतं की," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

झालं होतं असं. तरुणपणी शहरातल्या संस्थेत त्यांनी पाच-सहा वर्षं खपून ते दार शोधून काढलं. परिषदांमधून सांगितलं, शाबासक्या मिळाल्या, पेढे वाटले. मग एक दिवस सहज म्हणून पेशींची ओळख तपासली. बाटलीवर चिठ्ठी होती माणसाच्या पेशींची, आणि आत निघाल्या उंदराच्या. शेजारच्या टेबलावरच्या बाटलीतला एखादा थेंब कधीतरी इकडे आला असणार. त्या पेशी भराभर वाढल्या, मूळच्या मरून गेल्या आणि चिठ्ठी तेवढी तशीच राहिली.

"पाच-सहा वर्षं मी शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजवत होते, शालन. आणि उघडलं म्हणून पेढे वाटत होते!"

हे बाकी कुणालाच कळलं नव्हतं. वरिष्ठांनी सुचवलं, राहू दे, कोण बघायला जातंय? बाईंनी भर परिषदेत उभं राहून सांगितलं की माझं दार चुकीचं आहे, कुणी त्यावर विसंबू नका. त्यानंतर बढती हुकली, लोक पाठीमागे उंदराची बाई म्हणायला लागले. हे सगळं त्यांनी मला हसत हसत सांगितलं, पण तेव्हा त्या हसल्या असतील असं मला वाटत नाही. बाटलीला "कोणाचे रे तुमी" विचारण्याची सवय तेव्हापासूनची. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, "डोकं अगदी ठिकाणावर आहे."

आता त्यांच्या मनात दुसरं एक दार होतं. तेच खरं, असं त्यांना वाटत होतं, पण वाटण्यावरचा त्यांचा विश्वास उडालेला. ताप येऊन बऱ्या झालेल्या माणसांच्या रक्तात, विषाणू ज्या हाताने दार उघडतो तो हात धरून ठेवणारं काहीतरी तयार झालेलं असतं. ते रक्त मिळालं, तर त्या हाताची आणि ह्या दाराची गाठ आहे की नाही, ते कळणार होतं. निवृत्तीच्या आत हे झालं नाही तर दोन खोल्यांना कुलूप लागणार, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. अशी माणसं एका काजूच्या गावात होती. आम्ही जीप काढून त्या गावात गेलो.

देवळाच्या मंडपात सगळी जमली होती. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार. आम्ही आरोग्यविषयक संशोधनासाठी आपल्या सहकार्याची अपेक्षा घेऊन आलो आहोत." मी कपाळाला हात लावला. समोरच्या चेहऱ्यांवर, ग्रामसभेत ठराव वाचताना येते, तसली झापड आली.

"आदी पण असेच इल्ले," मागून एक जण म्हणाला. "रगात घेवन गेले, परत तोंड दाखवक नाय."

"आम्ही निष्कर्ष आपल्यापर्यंत निश्चित पोहोचवू," बाई म्हणाल्या. झापड आणखी जड झाली.

शेवटी गावाने ठरवलं, देवाला विचारायचं. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला कौल लावतात. पाषाणाच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरवकाका म्हणजे सुकलेल्या बांगड्यासारखा शिडशिडीत म्हातारा, पण आवाज असा की मंडपाचे वासे हलावेत.

"बारा-पाचाच्या देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" गावाने साथ दिली.

"ही सरकारी बाई आमच्या माणसांचा रगात मागता. ता देवचा आसात, तर उजवो कौल दी. नको, तर डावो—"

वाक्य पुरं व्हायच्या आत डावी पाकळी खाली. देवालाही त्या दिवशी घाई होती की काय कोण जाणे. पुन्हा लावला. पुन्हा डावी.

मला इतका राग आला की काय सांगू. आयुष्यभराचं काम, आणि ते फुलाच्या पाकळीवर अडायचं? पण बाईंनी शांतपणे हात जोडले. "ठीक आहे. नाही म्हणजे नाही," त्या म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या. चपला समोरच होत्या, तरी त्यांना दिसेनात. तेव्हा मला कळलं की त्या किती खचल्या आहेत.

"चाय घेवन जावा," एक बाई पुढे झाली. तिला सगळे आनंदीवयनी म्हणत. मागच्या काजू हंगामात तिला हा ताप येऊन गेला होता, आणि तिचा दीर त्याच तापात गेला होता. "कौल रगताचो होतो, चायचो नाय."

तिच्या पडवीत बसलो. गुरवकाकाही आले, आणखी पाच-सहा जण आले. आनंदीवयनीने माझ्या हातात कप दिला आणि विचारलं, "तू कोणाची गो?"

"मी वेंगुर्ल्याची. बंदराकडे आमचा घर."

"बरा. आणि तुमी कोणाच्या?" तिने बाईंना विचारलं.

"मी विषाणू संशोधन विभागाची..."

"ता कचेरीचा झाला. ता माका कशाक? तुमी कोणाच्या?"

बाईंचा कप तोंडापाशी थांबला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. रोज सकाळी बाटल्यांना हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला तो कुणी विचारून किती वर्षं झाली असतील, देव जाणे. त्यांनी कप खाली ठेवला.

"मी देवबागची," त्या म्हणाल्या. "रापणकाराचा चेडू. माझो बापूस दर्यातसून रापणीचा जाळा वडी आणि आवस सुक्या बांगड्यांची पाटी घेवन तुमच्या ह्या अशा गावांनी विकूक येय. मी पण येय तिच्या वांगडा, ल्हान आसताना. भात घेव, काजी घेव, आणि परत जाव."

एवढी मालवणी त्यांच्या तोंडून एका दमात मी कधी ऐकली नव्हती. मग आनंदीवयनी चिडलीच.

"मगे ह्या आदी सांगूक काय झाला तुमका? दोन घंटे कृपया-कृपया करतास ती!"

गुरवकाकांनी बशीतला चहा संपवला आणि बशी खाली ठेवली. "आमी देवाक काय सांगलंव? सरकारी बाई. आणि ह्या तर देवबागचा चेडू. चुकीचा नाव घालून इचारलेलो कौल, तो धरूचो कसो?"

बाई माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे मोठे झाले होते. "शालन गो," त्या म्हणाल्या, "बाटलीवरची चिठ्ठी चुकली!" आणि ज्या हसत सुटल्या त्या थांबेचनात. गाव बघत राहिलं. मग त्यांनी उंदराच्या पेशींची सगळी गोष्ट त्या पडवीत सांगितली, मालवणीत, हातवारे करून. उंदराचं नाव आलं तसे गुरवकाका मांडीवर थाप मारून हसले. जी गोष्ट ऐकून शहरात बढती हुकली होती, ती ऐकून इथे दुसरा चहा आला.

पुन्हा सगळे देवळात गेलो.

"बारा-पाचाच्या देवा म्हाराजा, आदी चुकला ता पदरात घे. ह्या देवबागच्या रापणकाराचा चेडू. तापाचा दार हुडकूक भायर पडला आसा. आमच्या माणसांचा रगात मागता. देवचा, तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

ह्या वेळी काहीच पडेना. एक कोंबडी मंडपात शिरली, इकडेतिकडे बघून बाहेर गेली. कुणीतरी खोकलं. उजवी पाकळी जराशी घसरली, देवाच्या छातीपाशी अडकली. बाई डोळे मिटून उभ्या होत्या, त्यामुळे ती पडताना त्यांनी बघितलीच नाही. गावाच्या आवाजावरून त्यांना कळलं.

परत येताना जीपमध्ये मी विचारलं, "बाई, तुम्ही देव मानता?"

"हे बघ," त्या म्हणाल्या, "एकच गोष्ट बदलली आणि उत्तर बदललं. देऊळ तेच, गुरव तेच, फूल तेच."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पुन्हा पुन्हा करून बघायला गुरव तयार होणार नाहीत, त्यामुळे हे कुठे छापता येणार नाही." आणि त्यांनी खिशातून आमसूल काढलं.

पुढच्या आठवड्यात रक्त द्यायला आनंदीवयनी सगळ्यांत पुढे होती. "काढा," ती मला म्हणाली, "पण ह्या हातान काजी फोडूचे आसत. दुकवू नको."

मग काम सुरू झालं आणि शेवटी तो दिवस आला. तीन बश्या तयार होत्या. पहिलीत साध्या पेशी आणि विषाणूचं कवच. दुसरीत तेच, पण आनंदीवयनीच्या रक्तातलं पाणी मिसळलेलं. तिसरीत बाईंनी ते ठरावीक दारच काढून टाकलेल्या पेशी. बाईंचं खरं असेल तर पहिल्या बशीत हिरवं चमकायला हवं आणि बाकी दोन्हींत अंधार. बाई काही मायक्रोस्कोपपाशी यायला तयार होईनात. "तू बघ," म्हणाल्या आणि व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

मी बघितलं. पुन्हा बघितलं. मग तिथूनच ओरडले, "बाई, पहिलीत काजवे! बाकी दोन्हींत काळोख!"

मला वाटलं, धावत येतील. त्या दारातही आल्या नाहीत. "पेशी कोणाच्या आहेत, ते तपासायला पाठव," एवढंच म्हणाल्या. मला रडायला आलं, रागाने. पण पाठवल्या. शहरातून उत्तर येईपर्यंत बाईंनी माझ्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि आमसुलांची आख्खी बरणी संपवली. उत्तर आलं. चिठ्ठीवर होत्या त्याच पेशी होत्या, माणसाच्या.

तेव्हा कुठे बाई मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. किती तरी वेळ बसल्या. उठल्या तेव्हा डोळे लाल होते. "ह्या मायक्रोस्कोपचा दिवा फार प्रखर आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हो बाई, फारच," आणि आम्ही दोघी दिवा बंद करून मनसोक्त रडलो.

दार सापडलं म्हणजे औषध सापडलं असं नव्हे. ते काम आता दुसरीकडे दुसरी माणसं करतायत, आणि त्याला वेळ लागेल. पण बाईंना घाई होती ती गावात जाऊन सांगायची. "ज्यांनी परवानगी दिली, त्यांना आधी कळवायला हवं," त्या म्हणाल्या. नारळ घेऊन आम्ही गेलो. गुरवकाकांनी देवाला रीतसर हकिगत सांगितली.

"देवबागच्या चेडवान तापाचा दार हुडकून काढल्यान, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"परत येवन तोंड दाखवल्यान, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

बाईंना त्या ओरडण्याची सवय नव्हती. सगळं गाव थांबल्यावर त्यांचा एकटीचा बारीक "होय म्हाराजा" मागून यायचा, आणि पोरंटोरं हसायची.

निवृत्त होऊन त्या देवबागला गेल्या. खाडी आणि समुद्राच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात बापाच्या घराच्या ओट्यावर बसून असायच्या. समोरून पर्यटक जायचे, बोटीत बसायला. बाई प्रत्येकाला विचारायच्या, "कोणाचे रे तुमी?" ते बिचारे मोबाईल काढून हॉटेलचं बुकिंग दाखवायचे. मी भेटायला गेले की बाई हे किस्से सांगून मला हसवायच्या, आणि मग हळूच विचारायच्या, "पोरं कशी आसत?" पोरं म्हणजे बाटल्या.

गेल्या वर्षी, काजूला मोहोर आला तेव्हा, बाई गेल्या. आजारपण नाही, काही नाही. सकाळी ओट्यावर बसल्या होत्या, तिथेच.

मी गावात जाऊन गुरवकाकांना आणि आनंदीवयनीला सांगितलं. आनंदीवयनी पडवीत बसून रडली. गुरवकाका उठून देवळाकडे गेले.

ह्या वर्षीच्या जत्रेला मी गेले. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं. गावातल्या घरादारांची राखण मागितली, गुराढोरांची मागितली, काजी-आंब्यांची, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची मागितली. प्रत्येक वेळी "होय म्हाराजा" झालं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ते थांबले, गर्दीत मला शोधलं आणि देवाकडे वळले.

"आणि देवबागची आमची बाई, म्हाराजा. खंय आसात थंय तिका बरी ठेव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं.

सगळे थांबल्यावर माझा एकटीचा "होय म्हाराजा" मागून आला.